सहा डबे, तीस अळ्या आणि मूठ मूठ माती

पहिला दिवस : रिकामी गाडी

गौरी-गणपती पोचवून सगळे चाकरमानी मुंबईकडे परतत होते आणि आम्ही मामा-भाची उलटे कोकणात निघालो होतो. त्यामुळे ठाण्याला चढल्या चढल्या खिडकी मिळाली. सामानात कपडे थोडे आणि प्लास्टिकचे रिकामे डबेच जास्त. शिवाय झाकणाला सुईने भोकं पाडलेला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. समोरच्या आजोबांनी चिपळूणपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "त्यात काय, लाडू?" सईने झाकण किलकिलं केलं. आत कोंड्यावर पांढुरक्या, गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या. आजोबा त्यानंतर रत्नागिरीपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

या अळ्या मेणपतंगाच्या. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण पोखरून खाणारी ही कीड मधपाळांच्या डोक्याला ताप असते. माझ्या ओळखीच्या मधपाळाने त्या फुकट दिल्या, वर चहा पाजला आणि "अजून हव्या तर कधीही या" म्हणाला.

सई माझ्या बहिणीची मुलगी. स्पेनमध्ये कोर्दोबाला ऑलिव्हच्या बागांतल्या मातीचा अभ्यास करते. तिथे नजर जाईल तिथवर टेकड्यांवर ऑलिव्हच. शेजारच्या एकट्या हाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. दर वर्षी सुट्टीत आली की ती मला तिकडचं काहीबाही सांगते. या वेळी म्हणाली, "मामा, नुसतं ऐकतोस काय, आपल्या बागेतली माती बघू या की." मी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यात बुरशी म्हणजे शिळ्या पावाचा तुकडा आणि परीक्षेला दोन मार्क. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

युक्ती अगदी साधी आहे. झिमरमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८६ साली ती मांडली. ओलसर माती डब्यात भरायची, तिच्यात मेणपतंगाच्या अळ्या सोडायच्या, डबा अंधारात ठेवायचा आणि रोज उलटा करायचा, म्हणजे अळ्या मातीतून वर-खाली फिरत राहतात. मातीत किडे मारणारी बुरशी असली तर ती अळीला धरते. गळाला आमिष लावायचं तसंच, फक्त मासा डोळ्यांना दिसत नाही. स्पेनमध्ये याच रीतीने रानातली आणि शेतातली मिळून २४४ ठिकाणची माती तपासली, तर १७५ ठिकाणी अशी बुरशी सापडली. त्या सगळ्यात जाती मात्र दोनच होत्या, ब्यूव्हेरिया आणि मेटारायझियम. कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळतात त्याच.

"मग पाकीटच आणू," असं मी म्हणालो होतो. त्यावर सई म्हणाली, "पाकिटातली बुरशी कुठल्या गावची ते पाकिटावर लिहितात का?"

दुसरा दिवस : भाट्ये

भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला माडच माड लागतात. इथलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र कोकणातल्या बागायतदारांना ठाऊक असतं ते 'लाखी बागे'मुळे. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावून एकाच जमिनीतून चार पिकं काढायची, ही ती कल्पना. सकाळी तिथून चक्कर मारली, पण माती घेतली ती पलीकडच्या एका ओळखीच्या घरच्या आगरातली. सरकारी बागेत खुरपं चालवायचं तर परवानगीचं पत्र लागलं असतं, आणि आमच्याकडे नुसत्या अळ्या होत्या.

आगर पोफळींचं आणि माडांचं. घरच्या काकूंनी वर बोट दाखवलं. माडाच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत होत्या. गेंड्या भुंग्याचं काम. भुंगा कोवळ्या शेंड्यात शिरतो आणि झावळी मिटलेली असतानाच तिला आरपार भोक पाडतो, मग ती उघडली की कातरकामाचा नमुना दिसतो. काकूंचे सासरे तारेचा आकडा घेऊन माडावर चढत आणि भुंगा ओढून काढत. आता चढणारा माणूस मिळत नाही, मिळालाच तर त्याची मजुरी ऐकून भुंगा परवडला असं वाटतं.

भुंगा राहतो वर, पण त्याची पिल्लावळ असते खाली, गायरीत. शेणाच्या ढिगाऱ्यात खुरपं घातल्याबरोबर अंगठ्याएवढी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली हुमणी निघाली. मग दुसरी, तिसरी. चौथी निघाली ती हलेना. सईने ती तळहातावर घेतली आणि एकदम मांडी घालून तिथेच शेणाजवळ बसली. अळी लाकडासारखी कडक झाली होती आणि अंगभर शेवाळी हिरव्या रंगाची भुकटी.

"मामा, हेच ते!"

मेटारायझियम. १८७९ साली ओडेसात मेचनिकॉफला गव्हावरच्या भुंग्याच्या अळ्यांवर ही बुरशी सापडली. पुढे पांढऱ्या पेशींच्या कामाबद्दल नोबेल मिळालं तोच हा मेचनिकॉफ. किडीवर कीड सोडण्याऐवजी रोग सोडावा, हा विचार त्याने त्या वेळी करून ठेवला होता. त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, इटलीतल्या बास्सीने रेशीमकिड्यांचा पांढरा रोग बुरशीने होतो हे दाखवलं होतं. ब्यूव्हेरियाच्या 'बासियाना' या जातीला त्याचंच नाव चिकटलं आहे.

बुरशीची कामाची तऱ्हा मला फार आवडली. कीटकनाशक बहुधा पोटात जावं लागतं किंवा मज्जातंतूंवर घाव घालावा लागतो. बुरशीचा बीजाणू नुसता कातडीला चिकटतो. ओलावा मिळाला की रुजतो, कातडी विरघळवणारे रस सोडतो, दाब देऊन आत शिरतो आणि आतून अळी खात सुटतो. चार-आठ दिवसांनी अळी मरते, आणि हवा दमट असेल तर बुरशी पुन्हा बाहेर येऊन अंगभर पिकते. म्हणजे मेलेली एक अळी हीच पुढच्या फवारणीची पिशवी. ऊन मात्र तिला सोसत नाही, म्हणून फवारायची ती संध्याकाळी. कोकणातला पावसाळा आणि सावलीतली गायरी, याहून चांगलं घर तिला कुठलं मिळणार?

गेंड्या भुंग्यावर विषाणूचाही उतारा आहे. हूगर नावाच्या जर्मन संशोधकाला तो १९६३ मध्ये मलेशियात सापडला आणि १९६७ मध्ये सामोआच्या बेटांवर सोडला गेला. आपल्याकडे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तो सोडला होता. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर असा भुंगा निघाला ज्याला तो विषाणू फारसा लागूच पडेना. एकाच शिपायावर सगळा गड सोपवला की असं होतं.

काकूंनी मेलेली हुमणी बघून नाक मुरडलं. "गेल्या वर्षीपण निघाल्या होत्या अशा. मी चुलीत टाकल्या." सईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने त्यांना समजावलं की पुढच्या वेळी सापडली तर चुलीत नको, परत गायरीतच पुरा. मग पोफळींवरच्या निळसर डागांकडे बघून विचारलं, बोर्डो कधी मारला? कोळे रोगासाठी पावसाआधी एकदा आणि भर पावसात उघडीप बघून पुन्हा एकदा मारतात. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्देने द्राक्षांसाठी लोकांपुढे आणलं, आणि कोकणातल्या पोफळी आजही त्याच्यावर तगून आहेत. ताजा बोर्डो मित्र बुरशी आणि शत्रू बुरशी असा भेद करत नाही. गायरी पोफळींपासून लांब होती, म्हणून बहुतेक वाचली.

एक नंबरचा डबा तिथे भरला.

तिसरा दिवस : घर

सागरी महामार्गाने देवगडकडे. वाटेत कातळाच्या सड्यांवर फुलं उतरली होती. सीतेची आसवं निळीजांभळी पसरली होती आणि मधे गेंदाचे पांढरे ठिपके. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण कीटकभक्षी. मुळाशी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले जीव ओढून खातात. जांभ्यावर मूठभर माती, तिच्यात पोषण नाही, मग झाड तरी काय करणार.

याच कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरून माती आणून घालून आमच्या आजोबांनी कलमं लावली. आता ती बाग थोरल्या भावाकडे, दादाकडे आहे. आम्ही पोचलो तेव्हा दादा पडवीत बसून पंपाचा नोझल साफ करत होता.

"गो सई, तुमच्या आलिवाचा तेल काढतत, आमच्या आंब्याचा काय काढतलंस?"

सईने सांगितलं, माती. दादा हसला. मग त्याने एक वही काढली आणि हसणं थांबलं. कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पालवीपासून सहा फवारण्या. दादाच्या वहीत गेल्या हंगामात अकरा. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा, इमिडा, भुरीसाठी हेक्झाकोनॅझोल, आणि पुढे पुढे दुकानदार देईल ते. "थ्रिप्स मारूक गेलंय तर तुडतुडो इलो. तुडतुडो मारलंय, तवसर मोहोर करपलो." झाडांखालची जमीन मात्र घरच्या अंगणासारखी स्वच्छ, गवताची काडी नाही. तणनाशक. पातेरा गोळा करून जाळलेला. बाग बघायला येणारे याच स्वच्छतेचं कौतुक करतात. मीही दर वर्षी करत आलो होतो.

दुपारी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार झाल्यावर आम्ही बागेत गेलो. तिथे सईने ऑलिव्हच्या माशीची गोष्ट सांगितली, ती जशी ऐकली तशी लिहितो.

ऑलिव्हची फळमाशी आणि आंब्याची फळमाशी एकाच घराण्यातल्या, बॅक्ट्रोसेरा. आडनाव एक, गावं वेगळी. ऑलिव्हवालीच्या घशाजवळ एक इवलीशी पिशवी असते आणि तिच्यात जिवाणू भरलेले असतात. पेत्री नावाच्या इटालियन माणसाने १९०९ मध्ये ते पाहिले. माशी अंडं घालताना त्याला हे जिवाणू माखते, म्हणजे बाळाला जन्मतःच शिदोरी मिळते. कच्च्या हिरव्या ऑलिव्हमध्ये ओल्युरोपीन नावाचं जहाल कडू द्रव्य असतं. जिवाणू सोबत असतील तरच अळी हिरव्या फळात वाढते, नसतील तर तिला फळ पिकेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून तिकडे तांब्याची फवारणी माशीवर चालते. तांबं माशीला मारत नाही, तिच्या सोबत्यांना मारतं.

"म्हणजे कालचाच मोरचूद?" मी विचारलं.

"तोच. तिथे शत्रूचा मित्र मारतो, इथे आपला."

दोन्ही माश्यांची आणखी एक खोड सारखी आहे. अळी पोसली की फळातून मातीत उतरते (ऑलिव्हवाली मुख्यतः हिवाळ्याच्या तोंडावर) आणि वरच्या दोन-चार बोटांच्या थरात कोष करते. (आंब्यातली अळी चक्क कमान करून उडी मारते, लहानपणी आम्ही त्यांच्या शर्यती लावत असू.) दादाने झाडांवर टांगलेले रक्षक सापळे मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर पकडतात, माद्या मोकळ्याच राहतात. पण आंब्यावालीला मातीतून एकदा जावंच लागतं. कोर्दोबाला म्हणूनच झाडाखालच्या मातीत मेटारायझियम घालण्यावर काम चाललं आहे. २०१४ मध्ये युरोपने आपला हापूस याच माशीपायी बंद केला होता, जानेवारी २०१५ मध्ये दार उघडलं. दादाला ते वर्ष तोंडपाठ आहे.

"मगे घालूया माती खाली तुझी ती पावडर," दादा म्हणाला.

"मोठा मामा, अकरा फवारण्यांचं जे खाली गळतं, त्यात ती जगेल का ते आधी बघू."

दोन नंबरचा डबा कलमांखालचा. तीन नंबरचा कुंपणापलीकडच्या जुन्या रायवळ आंब्याखालचा. तिथे कोणी फवारत नाही, कोणी झाडत नाही. गुडघाभर पातेरा, आणि वर हुमल्यांनी, म्हणजे तांबड्या मुंग्यांनी, पानं शिवून केलेली घरटी. माती घेईपर्यंत त्यांनी माझ्या मानेचा ताबा घेतला होता. हुमले हीसुद्धा किडींवरची फौजच, पण त्या घडीला मला तसं वाटलं नाही.

रात्री खरा प्रसंग घडला. सईचं म्हणणं, तुलनेला एक डबा निर्जंतुक मातीचा हवाच, आणि घरात निर्जंतुक करायचं साधन एकच, वहिनीचा कुकर. वहिनीने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "गणपतीचे मोदक केले त्यात मी, माती कसली शिजवतंस!" शेवटी जुना, शिट्टी गळका कुकर माळ्यावरून निघाला. कलमांखालचीच माती घेतली, फडक्यात बांधली आणि तासभर वाफवली. घरभर पहिल्या पावसाचा वास सुटला. त्या मातीने सहा नंबरचा डबा भरला. मध्यरात्री उठून मी सगळे डबे उलटे केले.

चौथा दिवस : राईत

गावाची देवराई लहान आहे, पण आत शिरलं की बाहेरचं ऊन बंद होतं. तिथली काडीसुद्धा कोणी उचलत नाही. मला वाटलं होतं, पटकन मूठभर माती घ्यावी आणि निघावं. दादाने डोळे वटारले. मानकऱ्यांना बोलावणं गेलं, नारळ ठेवला, गाऱ्हाणं झालं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या राईतली मूठभर माती घेवन जातत. आंब्याची रोगराई जावची म्हणान जातत. काय चुकला-माकला तर पदरात घे, आणि त्येंच्या कामात येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सईचा आवाज सगळ्यांत मोठा.

मानकरी मग दगडावर बसले आणि सईला विचारू लागले. तिने इटलीतल्या पुलियाची हकिकत सांगितली. तिथे २०१३ मध्ये ऑलिव्हमध्ये झायलेला नावाचा जिवाणू आढळला. फेसात राहणारा एक किडा तो झाडाझाडांत पसरवतो, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद होतात आणि झाड उभं वाळतं. पिढ्यान्‌पिढ्यांची लाखो झाडं गेली. पण लेच्चिनोसारख्या काही जाती तग धरून राहिल्या, आणि त्यांच्या आत कोणते सूक्ष्मजीव नांदतात याचाही तिथे शोध चालू आहे. मानकरी म्हणाले, "म्हणजे घरातली माणसा कोण ता बघूक व्हया." मी तीस वर्षं 'सहजीवन' हा शब्द फळ्यावर लिहीत आलो. हे वाक्य आधी ऐकलं असतं तर तेच लिहिलं असतं.

चार नंबर. राईतली माती हाताला ओलसर, काळी, आणि चिमटीत धरली तर पांढऱ्या धाग्यांनी एकमेकींना बांधलेली.

पाचवा दिवस : वेंगुर्ले

वेंगुर्ल्याबद्दल एरवी पानभर लिहिलं असतं, पण पाऊस असा कोसळला की समुद्र आणि आभाळ वेगळं करता आलं नाही. फळ संशोधन केंद्राची काजूची झाडं बसच्या खिडकीतून पाहिली. आज कोकणात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती इथल्याच.

एका उतारावरच्या घरगुती काजूबागेत पाच नंबरचा डबा भरला. तिथे रोठ्याने तीन झाडं खाल्ली होती. बुंध्याशी भुस्सा, डिंक, आणि आत बोटाएवढ्या अळीने केलेली वळणावळणाची भुयारं. मालकाने तार घालून दोन अळ्या काढल्या होत्या. रोठा सालीच्या आत सुरक्षित असतो, फवारणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. झाडाच्या मुळाशी चिखल होता. आम्ही दोघं त्यात घोट्यापर्यंत रुतलो आणि माझी उजवी चप्पल वेंगुर्ल्यातच राहिली.

सहावा ते चौदावा दिवस : डोंबिवली

डबे पलंगाखाली ठेवले. बायकोने "किती दिवस?" एवढंच विचारलं आणि मी "थोडेच" म्हणालो.

आठव्या दिवशी एक नंबरमध्ये दोन अळ्या कडक झालेल्या सापडल्या. सईने त्या ओल्या टिपकागदावर काढून ठेवल्या, आणि दहाव्या दिवशी, तिचं विमान होतं त्या सकाळी, त्यांच्यावर आधी पांढरी लव आणि मग तीच गायरीतली हिरवी भुकटी. राईतल्या डब्यात तीन मेल्या. दोन पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारख्या, ब्यूव्हेरिया. तिसरीवर जे काही उगवलं ते सईलाही ओळखता आलं नाही, आणि ती जाताना त्याचा फोटो सगळ्यांत आधी घेऊन गेली. रायवळाखालच्या डब्यात एक पांढरी.

काजूच्या डब्याने वेगळंच काढलं. दोन अळ्या मऊ, विटेसारख्या तांबूस, आणि वास नाही. सई विमानतळावरून फोनवर ओरडली, "मामा, दिवा बंद कर आणि अंधारात बघ!" हे बुरशीचं काम नव्हतं. मातीत डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. ते अळीत शिरतात आणि सोबत आणलेले फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू सोडतात. अळी मारतात जिवाणू, खातात दोघं मिळून. आणि ते जिवाणू मंद उजेड देतात. मी बाथरूममध्ये दार लावून दहा मिनिटं अंधारात बसलो. मग दिसला, फिकट निळसर, असेल-नसेल असा. बायकोला बोलावलं. तिला काही दिसलं नाही, आणि तिचं मत मी इथे लिहीत नाही.

चौदाव्या दिवशी उरलेले दोन डबे उघडले. कुकरातल्या मातीत पाचही अळ्या जिवंत, एकीने तर रेशीम काढून कोष केलेला. दोन नंबरमध्ये, दादाच्या कलमांखालच्या मातीत, पाचही जिवंत. दोन्ही डबे शेजारी ठेवले, तर कुठला कुठला ते फक्त झाकणावरच्या आकड्यावरून कळत होतं.

सईने बजावलं होतं की पाच अळ्या आणि एक मूठ माती यांवरून काही ठरत नाही. बागेत दहा ठिकाणची माती घ्यायला हवी, पावसात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. ते मला मान्य. पण संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय झाला रे माझ्या डब्याचा?"

"पाचही अळ्या जिवंत आहेत दादा."

"पाचय जित्यो? मगे बरां झाला!"

काय सांगावं कळेना. मग म्हणालो, "वहिनीच्या कुकरातल्या मातीतपण पाचही जिवंत आहेत."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. पडवीत रेडिओ चालू होता, तो दादाने बंद केला.

"म्हणजे माझी बाग शिजवलेली काय रे?"

मी घाईघाईने सईचं बजावणं सांगू लागलो, दहा ठिकाणं, पाऊस, उन्हाळा. दादाने मधेच तोडलं.

"ता ऱ्हवां दी. त्या रायवळाखालचो पातेरो किती कलमांका पुरात, ता तिका इचार."